बॅटरीलाही ऊन लागतं!

पुण्यात दिवसभर टिकणारा मोबाइल उमरखेडला पोचला की दुपारी तीनलाच मान का टाकतो? कंपनीच्या नावानं बोटं मोडण्याआधी जरा आपल्या सवयी तपासा. खिशातल्या लिथियम बॅटरीचं आयुष्य वाढवण्याचा हा साधासोपा फंडा.

मे महिना. लग्नसराई. बॉसच्या विनवण्या करून मिळवलेली चार दिवसांची सुट्टी. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मान अवघडून तुम्ही सकाळी नांदेड गाठता, अर्धापूर मागे पडतं, पैनगंगा ओलांडली की मराठवाडा संपतो आणि यवतमाळ जिल्हा सुरू होतो. आलं उमरखेड! घरी गेल्यावर अंघोळ, नाश्ता, कूलरसमोर एक डुलकी. दुपारी मांडवात जायची वेळ होते तेव्हा पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असतो. फोटो काढायला मोबाइल बाहेर काढावा तर तो तव्यासारखा तापलेला. स्क्रीन आपोआप मंद झालेली. आणि सकाळी ९० टक्के असलेली बॅटरी आता ३५ टक्के!

‘मोबाइलले ऊन लागलं वाटते,’ असं एखादे काका गमतीत म्हणाले, तर हसण्यावारी नेऊ नका. काका शंभर टक्के बरोबर आहेत. विदर्भातला माणूस उन्हाला ओळखून असतो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि बारा ते चार घराबाहेर पाय नाही. पण कांदा असलेल्या खिशाच्या शेजारच्याच खिशात जी वस्तू उन्हाला सगळ्यांत जास्त घाबरते, तिच्यासाठी मात्र आपण काहीच करत नाही. उलट घरच्या बॅटरीचे जुने नियम तिला लावतो आणि तिची पार वाट लावतो.

एका घरात दोन स्वभाव

उमरखेडमधल्या कुठल्याही घरात डोकावा. एका कोपऱ्यात इन्व्हर्टर असतो. साधारण २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रानं भारनियमनाचा जो मार खाल्ला, त्याची ही आठवण. लाइन कधी जाईल आणि कधी येईल, हे महावितरणलाच ठाऊक. त्या काळात घराघरात एक नियम पक्का झाला : लाइन आहे तोवर सगळं फुल करून ठेवा. इन्व्हर्टर फुल, टॉर्च फुल, मोबाइल फुल.

आता गंमत बघा. इन्व्हर्टरची बॅटरी असते शिसं आणि आम्लाची. तिला भरलेलं राहायला आवडतं. अर्धवट रिकामी ठेवली की तिच्या प्लेट्सवर सल्फेटचा थर बसतो आणि ती कायमची अशक्त होते. म्हणून बाबा तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालतात आणि ती रिकामी पडू नये म्हणून जपतात. अगदी बरोबर करतात.

मोबाइलची बॅटरी असते लिथियम-आयनची आणि तिचा स्वभाव बरोब्बर उलटा. तिला पोट गच्च भरलेलं आवडत नाही आणि उपाशी राहणंही झेपत नाही. दोन घास कमी खाऊन सावलीत बसायला मिळालं, की ती खूश! म्हणजे एकाच घरात दोन स्वभावाच्या बॅटऱ्या आणि दोघींना एकच नियम. एकीचं आयुष्य वाढतं, तर दुसरीचं कमी होतं.

तिसरा गोंधळ जुन्या मोबाइलनी करून ठेवलाय. ‘पूर्ण उतरू दे, मगच चार्जिंगला लाव,’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. तो निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जमान्यातला. त्या बॅटऱ्या पुन्हा पुन्हा अर्धवट वापरून भरल्या की तेवढीच क्षमता ‘लक्षात’ ठेवायच्या. लिथियमला असलं काही होत नाही. त्यामुळे मोबाइल मुद्दाम शून्यावर नेणं म्हणजे त्याला विनाकारण उपास घडवणं.

आत चाललंय तरी काय?

केमिस्ट्रीचा तास घेत नाही, घाबरू नका! लिथियम-आयन बॅटरी म्हणजे दोन वाड्या आणि मधला ओढा. चार्ज करताना लिथियमचे कण या वाडीतून त्या वाडीत जातात, वापरताना परत येतात. बस्स, एवढंच. या साध्या ये-जा करण्यावर अख्खं मोबाइलयुग उभं आहे. १९९१ मध्ये सोनीनं ही बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली आणि २०१९ मध्ये तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ आजोबा तेव्हा ९७ वर्षांचे होते. नोबेल मिळवणारे आजवरचे सगळ्यांत वयस्कर!

या प्रत्येक फेरीत थोडं लिथियम वाटेतच अडकतं. एका वाडीच्या भिंतीवर त्याचा पातळ थर बसतो आणि दिवसागणिक वाढतो. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. बॅटरी ‘म्हातारी’ होते ती अशी. हा थर भराभर वाढवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन : उष्णता आणि गच्च भरलेली अवस्था. दोन्ही एकत्र आल्या तर विचारूच नका.

बॅटरीवाल्यांमध्ये एक जुना तक्ता नेहमी दाखवला जातो. बॅटरी न वापरता वर्षभर नुसती ठेवली, तर तिची किती क्षमता उरते? २५ अंशांत आणि ४० टक्के भरलेली ठेवली, तर साधारण ९६ टक्के. तेवढ्याच तापमानात फुल भरून ठेवली तर ८० टक्के. आता तापमान ४० अंश करा. ४० टक्के भरलेली असेल तर ८५ टक्के उरते आणि फुल भरलेली असेल तर जेमतेम ६५! म्हणजे काहीही न करता, एकही रील न बघता, बॅटरीचा तिसरा हिस्सा साफ. उमरखेडला वर्षभर ४० अंश नसतं, मान्य. पण एप्रिल-मे-जूनच्या दुपारी असतंच. आणि मोबाइल नुसता पडून कुठे असतो? तो वापरताना आतूनही तापतो.

आयफोन बनवणारी ॲपल तर स्पष्टच सांगते, फोन वापरण्याजोगं बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश. हे वाचून उमरखेडकरांनी काय करायचं? मार्चमध्ये फोन कपाटात ठेवून थेट मृगात बाहेर काढायचा?

दिवसभरात घात कुठे होतो?

फोन कपाटात ठेवायची गरज नाही. फक्त घाताच्या जागा ओळखायच्या.

पहिली जागा बाइकचं हँडल. मोबाइल होल्डरमध्ये फोन, वर नकाशा सुरू, ब्राइटनेस फुल, इंटरनेट चालू, खाली पॉवर बँकेची वायर आणि डोक्यावर दुपारचं ऊन. फोनला एकाच वेळी पाच बाजूंनी भाजायचा हा खात्रीशीर मार्ग. रस्ता लक्षात ठेवा, नाहीतर कानात इयरफोन घालून आवाजावर चला आणि फोन खिशात राहू द्या.

दुसरी जागा बंद गाडी. उन्हात उभ्या केलेल्या कारचा डॅशबोर्ड साठ अंशांच्या पुढे सहज जातो. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून तुम्ही लग्नघरात शिरता आणि आग्रहाच्या जेवणात दोन तास जातात. फोन, पॉवर बँक, इयरबड्सची डबी यातलं काहीही मागे सोडू नका.

तिसरी जागा उशीखाली. रात्रभर चार्जिंगला लावलं की फोन फुटतो, असं नाही. आजचे फोन भरले की विजेचा पुरवठा स्वतःच थांबवतात. अडचण वेगळीच आहे. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या तापलेल्या खोलीत, उशीखाली, १०० टक्क्यांवर तो सहा तास घाम गाळत पडून राहतो. म्हणजे तक्त्यातली सगळ्यांत वाईट अवस्था! फरशीवर किंवा टेबलावर, कव्हर काढून, कूलरच्या वाऱ्यात ठेवा. कूलरच्या पाण्याचे तुषार लागणार नाहीत, एवढं मात्र बघा.

आणि हो, तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवायचा अचाट प्रयोग कुणी करू नका. गरम फोन एकदम थंड झाला की आत पाण्याचे थेंब जमतात. चार्जर काढायचा, कव्हर काढायचं, फोन बंद करून सावलीत ठेवायचा. दहा-पंधरा मिनिटांत तो भानावर येतो. भानावर येईपर्यंत पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही.

‘बाबा, फुल नको!’

आता मूळ भांडण. संध्याकाळी ढग भरून आले की घरातून हाक येते, ‘अरे, लाइन जाईल, मोबाइल फुल करून घे!’ आणि इंटरनेटवर वाचून शहाणे झालेले आपण म्हणतो, ‘बाबा, ऐंशीच्या वर न्यायचा नसतो.’

खरं सांगायचं तर त्या दिवशी बाबांचंच ऐका. वादळ आलंय, लाइन रात्रभर येणार नाही, तर खुशाल शंभर करा. फुल भरणं हा गुन्हा नाही. फुल भरून, गरम जागी, रोज, तासन् तास ठेवणं हा गुन्हा. रोजच्या दिवसासाठी २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये राहणं उत्तम. आयफोन १५ पासून पुढच्या मॉडेल्समध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे. सेटिंगमध्ये ‘बॅटरी’ उघडून बघा.

दिवसातून तीनदा थोडं थोडं चार्ज केलं तर आयुष्य कमी होतं, हाही गैरसमज. कंपन्या मोजतात ती ‘सायकल’ म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० टक्के वापरलं तर दोन दिवसांत एक सायकल. जुन्या आयफोनच्या बॅटरीचं गणित ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता, असं होतं. आयफोन १५ पासून ते १,००० सायकल झालं. युरोपीय महासंघानं तर २० जून २०२५ पासून नियमच केला, की तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलची बॅटरी ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमतेची हवी. म्हणजे नीट वागवलं तर दोन-तीन वर्षं सहज. नाही वागवलं तर दुसऱ्याच उन्हाळ्यात बोंब.

आणि ती ‘फ्लेवरवाली पेन’?

ऑफिसच्या पार्टीत कुणाच्या तरी हातात दिसते. स्ट्रॉबेरीचा वास, टोकाला निळा दिवा. ई-सिगारेट, वेप, काहीही म्हणा. हॉन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टनं २००३ मध्ये आणलेल्या या यंत्रात मोजून तीन गोष्टी : द्रव, तो तापवणारी तारेची गुंडाळी आणि आपली तीच लिथियम बॅटरी. त्यामुळे ‘तिची बॅटरी जास्त कशी टिकेल?’ हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो, दबक्या आवाजात.

दबक्या आवाजात, कारण भारतात ही गोष्ट बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाहून नेणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला मनाई. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निकोटिनचं व्यसन आणि फुप्फुसांचं नुकसान हा तर वेगळाच विषय.

पण फक्त बॅटरीपुरतं बोलायचं तरी चित्र बरं नाही. मोबाइलची मोठी बॅटरी दिवसभर हळूहळू रिकामी होते. वेपची इवलीशी बॅटरी प्रत्येक झुरक्याला तार तापवण्यासाठी एकदम जोर लावते. म्हणजे ताण जास्त आणि जीव लहान. त्यात माल चोरट्या वाटेनं आलेला. सुरक्षेचं सर्किट आहे की नाही, हे सांगणार कोण? सर्व्हिस सेंटर नाही, पावती नाही, तक्रार करायला जागा नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या १९५ आगी आणि स्फोटांची नोंद केली. त्यात १३३ जण जखमी झाले. जवळजवळ एक तृतीयांश घटनांत यंत्र किंवा त्याची सुटी बॅटरी चक्क खिशात होती! सुटी बॅटरी, शेजारी किल्ल्या आणि नाणी... झालं शॉर्ट सर्किट.

वापरून फेकायच्या वेपची कथा तर आणखी चीड आणणारी. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं, की एकदाच वापरून कचऱ्यात जाणाऱ्या या यंत्रांतली बॅटरी साडेचारशेहून जास्त वेळा चार्ज होऊ शकते. १ जून २०२५ पासून ब्रिटननं असल्या एकदाच वापरायच्या वेपवर बंदीच घातली. तेव्हा ‘वेपच्या बॅटरीची काळजी कशी घ्यायची?’ याचं प्रामाणिक उत्तर एकच : जिचं मूळ माहीत नाही, तिची काळजी घेता येत नाही. खिशात ठेवू नका. विकत तर घेऊच नका.

फुगली की संपली

बॅटरीच्या धाकानं अख्खं जग हादरल्याचं आपण पाहिलंय. ऑगस्ट २००७ आठवतो? नोकियाच्या ‘बीएल-५सी’ बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, असं कंपनीनं जाहीर केलं. ज्या ‘११००’नं भारताला मोबाइल वापरायला शिकवलं, त्यातही हीच बॅटरी. मग जो तो मागचं झाकण उघडून बॅटरीवरचा २६ आकडी नंबर वाचत बसलेला! २०१६ मध्ये सॅमसंगचा ‘नोट ७’ पेट घेऊ लागला आणि कंपनीला ते मॉडेलच बंद करावं लागलं. या दोन्ही मोठ्या कंपन्या. त्यांनी माल परत घेतला. नाव नसलेली स्वस्तातली बॅटरी कोण परत घेणार?

आणि गोष्ट नेहमी मोबाइलवर थांबत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी रात्री घरातच चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. घरातलं सात वर्षांचं मूल भाजलं आणि काही दिवसांनी गेलं. त्याच वर्षी सरकारनं ई-वाहनांच्या बॅटऱ्यांचे सुरक्षेचे निकष कडक केले. पण झोपायच्या खोलीत मोठी बॅटरी चार्ज करायची नाही, हा नियम आपला आपणच करायचा असतो.

फुगलेली बॅटरी हा शेवटचा इशारा. फोनची मागची काच उचलली गेली, स्क्रीनच्या कडेला फट दिसू लागली, पॉवर बँक टेबलावर ठेवली की डुगडुगते, म्हणजे आत वायू साठलाय. दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्ज करायचं नाही. थेट सर्व्हिस सेंटर.

चटकन लक्षात ठेवा

• रोज २० ते ८० टक्के. प्रवास किंवा वादळाच्या दिवशी शंभर चालेल.
• गरम फोन चार्जिंगला लावू नका. चार्जिंगला लावलेल्या फोनवर गेम खेळू नका.
• पॉवर बँक घेताना त्यावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो तपासता येतो.
• पॉवर बँकेवरच्या आकड्यानं भुलू नका. १०,००० एमएएचच्या बँकेतून फोनला प्रत्यक्षात साधारण सहा-साडेसहा हजारच मिळतात. बाकीचे रूपांतरात जातात.
• विमानप्रवासात पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॅट-तासांच्या आत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत परवानगी लागत नाही.
• जुना फोन ड्रॉवरमध्ये ठेवणार असाल तर निम्मा भरून, बंद करून ठेवा. रिकामा ठेवला तर सहा महिन्यांनी कदाचित उठणारच नाही.
• धूर आला तर आधी मेन स्विच बंद करा आणि लांब व्हा. धूर विषारी असतो. फोनसारखी लहान वस्तू असेल तर लांबूनच भरपूर पाणी ओता. मोठी बॅटरी असेल तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.
• मेलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा केंद्रात किंवा कंपनीच्या सेंटरवर द्या.

जुना फोन आईला देताय?

शेवटी एक मुद्दा, जो कुठल्याच जाहिरातीत नसतो. आपण शहरात नवा फोन घेतो आणि जुना सुट्टीत गावी घेऊन जातो. ‘आई, हा तुला. चांगला आहे अजून.’ फोन चांगला असतोच. बॅटरी नसते. तीन वर्षं आपण तिला कॅबमध्ये, बाइकवर, उशीखाली भाजून काढलेलं असतं. आणि आता ती उमरखेडच्या उन्हाळ्यात जाणार असते.

म्हाताऱ्या बॅटरीची खोड अशी, की ती २५ टक्के दाखवते आणि कॉल लावताच फोन बंद पडतो. आतला विरोध वाढलेला असतो, एकदम जोर लावला की ती कोसळते. शहरात आपण हसून चार्जर शोधतो. पण तिकडे त्याच फोनवर गॅसचा ओटीपी येतो, बँकेचा येतो, पिकविम्याचा मेसेज येतो. दुकानात पैसे त्यावरूनच दिले जातात. रात्री कुणाची छाती दुखली तर गाडीवाल्याला फोन त्यावरूनच लागणार असतो. आणि आई बिचारी म्हणते, ‘मलेच नाही येत बाई हे वापरता.’

तिला सगळं येतं. तेव्हा जुना फोन देण्याआधी सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर अधिकृत सेंटरमधून नवी बॅटरी टाकून घ्या. नव्या फोनच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ असतो. ८० टक्क्यांची मर्यादा मात्र तिच्या फोनवर लावत बसू नका. तिकडे लाइन जाते, तिला पूर्ण शंभर लागतील. फक्त एक सांगून या : फोन खिडकीत नको, माठाशेजारच्या फळीवर ठेव. घरातली सगळ्यांत गार जागा तिला तुमच्यापेक्षा नक्कीच जास्त माहीत आहे!